वाळवी पाच ओळींत

माझी नात सातवीत आहे. दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली, त्या आठवड्यातल्या बुधवारी ती दुपारी घरी आली, दप्तर खुर्चीत टाकलं आणि एक छापील कागद माझ्यापुढे सरकवला. मी चष्मा लावून पाहिलं तर कागद वरपासून खालपर्यंत पिवळा.

"पानाला हळद लावलीस की काय?"

"आजी, हायलायटर आहे. महत्त्वाचं असेल ते रंगवायचं असतं. बाईंनी सांगितलंय."

"मग बिनमहत्त्वाचं एकही सापडलं नाही?"

तिनं कागद उलटसुलट करून पाहिला. "'इत्यादी' सोडलंय," ती म्हणाली.

खरंच सोडलं होतं. अख्ख्या पिवळ्या पानात 'इत्यादी' तेवढं पांढरं.

मुलगा आणि सून दोघंही हिंजवडीला कंपनीत जातात, घरी यायला आठ वाजतात, त्यामुळे अभ्यास माझ्या वाट्याला येतो. मी चौथी पास. त्याचा दाखला होता, पण आम्ही आधी राहायचो त्या घरातल्या लाकडी कपाटाला वाळवी लागली आणि दाखला, माझ्या आईचा एकुलता एक फोटो आणि दोन चांगली पातळं तिनं खाल्ली. म्हणजे मी चौथी शिकले ही आता फक्त माझी तोंडी माहिती आहे. हे मुद्दाम सांगते आहे, कारण त्या पिवळ्या कागदावरचा लेख वाळवीवरच होता.

शाळेत बाई असे माहितीचे उतारे देतात. पानभर मजकूर वाचायचा, त्यातला मुख्य मुद्दा शोधायचा आणि सारांश पाच ओळींत लिहायचा. आमच्या नातीच्या ओळी सोळाच्या खाली कधी येत नव्हत्या. आधीच्या उताऱ्याखाली बाईंनी लाल शाईनं लिहिलं होतं, 'हा सारांश नाही, नक्कल आहे.'

"बरोबर लिहिलंय त्यांनी," मी म्हणाले.

"आजी, हसू नकोस. शुक्रवारी हा द्यायचाय. हा पण चुकला तर मला भित्तिपत्रकातून काढणार आहेत."

सातवीच्या मुली दर पंधरा दिवसांनी एक मोठा कागद तयार करून शाळेच्या जिन्यापाशी भिंतीवर लावतात, ते भित्तिपत्रक. पाच जणींनी पाच विषयांवर माहिती गोळा करायची आणि आपापल्या चौकोनात बसेल एवढीच लिहायची. हिला जूनमध्ये अक्षर सुंदर म्हणून घेतलं. अक्षर सुंदरच आहे. पण लेखणी थांबत नाही. दोन वेळा हिची माहिती शेजारणीच्या चौकोनात घुसली, आणि एकदा एका मुलीची फुलपाखरं पार कोपऱ्यात गेली. बाकीच्या चौघी हिच्याशी बोलेनाशा झाल्या होत्या.

"काढलं तर काढू देत. चित्रकलेच्या गटात जा."

"मला चित्रं नाही काढायची." तिचा आवाज बारीक झाला. "मला लिहायचंय. भिंतीवर लावलं की सगळ्या थांबून वाचतात, आजी. आठवीच्या मुलीपण वाचतात."

मग ती रडली. मी तिला पोहे दिले. रडताना माणसानं काहीतरी चघळावं, आवाज कमी होतो. पण मला कळलं होतं. आपण लिहिलेलं चार माणसं थांबून वाचतात, यातलं सुख मला ठाऊक आहे.

आमच्या इमारतीत, कसब्यात, जिन्याखाली एक काळी फळी आहे. तिच्यावर गेली आठ वर्षं मी लिहिते. पाणी बंद असलं की नोटीस येते आणि सेक्रेटरी ती भिंतीला चिकटवतात. नोटीस 'सर्व संबंधितांना' इथून निघते, खडकवासल्यापासून नळ कुठून कुठून येतात ते सांगते आणि 'सहकार्य करावे' इथे पोचते. पाणी मधेच कुठेतरी असतं. ते शोधायला कुणाला वेळ नसतो. म्हणून मी खडूनं लिहायला लागले. फळीवर तीन ओळी मावतात. चौथी लिहिली तर ती खाली लावलेल्या स्कूटरच्या आड जाते, तेव्हा लिहून उपयोग नाही. लोक माझी फळी वाचतात आणि बादल्या भरतात.

तर मी ठरवलं, हे आपलंच काम आहे. तिला म्हटलं, "पिवळं विसर. कागद उलटा ठेव. आता सांग, काय वाचलंस?"

"वाळवी हा कीटक आहे, ती समूहाने राहते, समूहात राणी असते, कामकरी असतात, आणि—"

"थांब. मला एवढा वेळ नाही. भाजी निवडायची आहे. एका वाक्यात सांग."

तिनं डोळे मिटले. उघडले. पुन्हा मिटले. मला दया आली, आणि तिथेच मी चुकले, कारण मी उत्तर सांगून टाकलं. "अगं, वाळवी घर खाते. हाच मुद्दा. पहिल्याच परिच्छेदात तर आहे. दारं, चौकटी, पुस्तकं, कपाटं. लिही."

ती लिहीत असताना मी तिला आमच्या कपाटाची पूर्ण हकीकत सांगितली. तिनं पाच ओळी केल्या. वाळवी घरातलं लाकूड पोखरते, कागद खाते, बाहेरून दिसत नाही, फार नुकसान करते, वेळीच औषध मारावं. मोजून पाच. मी खूश. ती माझ्याहून खूश.

"आता खाली जा आणि आजोबांना सांगून ये," मी म्हणाले.

हे आजोबा आमच्या खालच्या मजल्यावर एकटे राहतात. तांबट. उभा जन्म तांब्याचे हंडे-घागरी ठोकण्यात गेला आणि त्या ठोकण्यात कान गेले. त्यांच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं, आणि ओरडून माणूस लांबण लावू शकत नाही. त्यांना एखादी गोष्ट पोचली, म्हणजे ती नीट आवळलेली आहे असं समजावं. मी स्वतः फळीवर लिहायच्या आधी कधी कधी त्यांच्यावर करून बघते.

त्यांच्याशी माझा एक जुना हिशोब राहिलेला आहे, तोही सांगते. गेल्या उन्हाळ्यात नोटीस होती की गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी उशिरा येईल. मी फळीवर लिहिलं, 'गुरुवारी पाणी नाही. बुधवारी भरून ठेवा.' शुक्रवारचं लिहिलं नाही. बंदनंतर दुसऱ्या दिवशी पाणी उशिराच येतं, हे पुण्यात कुत्र्यालाही माहीत आहे, असं मला वाटलं. आजोबांनी शुक्रवारी सकाळी नळ सोडला, पाणी आलं नाही, नळ तसाच उघडा ठेवून देवळात गेले. अकराला पाणी आलं. पहिल्यांदा त्यांच्या खोलीत, मग जिन्यात, मग खालच्या दुकानात.

मी वाट पाहत होते, की आता हे मला बोलणार. ते पिळलेलं फडकं हातात घेऊन दारात उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, पत्रा ठोकून पातळ केलात ते चांगलं. पण भोक पाडलंत."

तेव्हापासून ते माझी फळी वाचतात आणि मग दोन पावलं सरकून, कागदाला नाक लावून, मूळ नोटीसही वाचतात. माझ्यादेखत. मला ते फार झोंबतं. पण बोलायला तोंड नाही.

तर नात खाली गेली. मी जिन्याच्या कठड्याशी उभी राहिले. ऐकायला वेगळं काही करावं लागत नाही, ते बोलणं सगळ्या बोळाला ऐकू जातं.

"आजोबा! वाळवी घर खाते!"

"कुणाचं?"

"कुणाचंही! लेखात आहे!"

"हे मला माहीत आहे! माझं दार खाल्लंय तिनं!"

"म्हणून औषध मारायचं!"

"तेही माहीत आहे!" मग, "लेख केवढा आहे?"

"पानभर!"

"मला माहीत असलेलं सांगायला त्यानं पानभर कशाला लिहिलं? रिकामटेकडा आहे का?"

नात खाली मान घालून वर आली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. कागद उचलला आणि खिडकीत बसून वाचायला लागली, या वेळी ओठ हलवत, सावकाश. मी भाजी निवडत होते.

"आजी," थोड्या वेळानं ती म्हणाली, "घर फक्त पहिल्या परिच्छेदात आहे."

"मग?"

"मग परिच्छेद चार आहेत. दुसऱ्यात जंगल आहे. पडलेली झाडं, पानं, तशीच पडून राहिली तर ढीग साचतील. तिसऱ्यात, वाळवी ते खाते आणि त्याची माती होते. तिच्या बिळांतून पाणी जमिनीत मुरतं. चौथ्यात आहे की घरात येणाऱ्या वाळवीच्या जाती थोड्याच, बाकीच्या बाहेरच काम करतात." तिनं कागद खाली ठेवला. "त्याला वाळवी चांगली आहे असं म्हणायचंय, आजी."

"वाळवी चांगली?"

"मी नाही म्हणत. तो म्हणतो."

मी हातातली भाजी खाली ठेवली. माझ्या आईचा एकच फोटो होता, पदर डोक्यावरून घेतलेला. कपाट उघडलं तेव्हा त्याची चौकट तशीच होती आणि आत माती. वाळवीबद्दल कुणी पानभर चांगलं लिहिलं असेल, हे माझ्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती. पहिला परिच्छेद माझ्या ओळखीचा निघाला, तेवढ्यावर मी पुढचे तीन माझ्या मनानंच भरून टाकले. त्या माणसाचं म्हणणं काय हे ऐकलंच नाही. पाण्याच्या नोटिशीतही मी हेच केलं होतं. शुक्रवारचं मला ठाऊक होतं, म्हणून सगळ्यांनाच ठाऊक असेल असं धरलं, आणि नोटिशीत लिहिलेलं असूनही गाळलं.

हे सगळं मी तिला सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "त्या पाच ओळी खोड."

"पण तू सांगितल्या होत्यास."

"म्हणूनच खोड."

तिनं खोडल्या. मग विचारलं, "आणि आपलं कपाट?"

"आपलं कपाट त्याच्या लेखात नाही."

मग तिनं एकटीनं लिहायला घेतलं आणि मी तोंड बंद ठेवलं. ते सोपं गेलं नाही. एका वाक्यावर ती अडली. राणी ठेवायची की काढायची? राणीबद्दल लेखात दोन ओळी होत्या आणि तिला त्या फार आवडल्या होत्या.

"राणी काढली तर लेखवाल्याचं म्हणणं मोडतं का?" मी विचारलं.

तिनं पुष्कळ विचार केला. "नाही मोडत."

"मग?"

"पण छान आहे ना गं ती!"

"छान असेल. मला सांगून टाक आणि कागदावरून काढ."

तिनं मला राणीचं सगळं सांगितलं. मी ऐकलं. मग तिनं राणी काढली, आणि घरात येणाऱ्या जाती थोड्याच, हे वाक्य ठेवलं. मी विचारलं, हे कशाला? ती म्हणाली, "हे नाही ठेवलं तर आजोबा म्हणतील, मग माझं दार कुणी खाल्लं?"

ती पुन्हा खाली गेली. मी पुन्हा कठड्याशी.

"आजोबा! वाळवी जंगल साफ करते!"

"काय करते?"

"साफ करते! मेलेल्या लाकडाची माती करते! घरात येणाऱ्या थोड्याच!"

मग आवाज आला, "हे मला माहीत नव्हतं!"

ती दोन-दोन पायऱ्या चढत आली.

शुक्रवारी तिनं वही दिली. शनिवार-रविवार घरात तिनं कुणाला नीट बसू दिलं नाही. सोमवारी मी शाळेच्या फाटकाशी गेले. एरवी मी जात नाही, ती चार मैत्रिणींबरोबर चालत येते. कसब्यात काही हरवायला जागा नाही. त्या दिवशी गेले. ती बाहेर आली, माझ्याजवळ आली आणि वही उघडून दाखवली. लाल शाईत एकच शब्द होता, 'जमलं.' खाली, 'पाचवी ओळ विशेष.' पाचवी ओळ म्हणजे घरात येणाऱ्या जाती थोड्याच, ती.

"म्हणजे ठेवलं का तुला?"

"ठेवलं. या वेळी वाळवीच लावायचीय. चौकोन छोटा आहे, पण बसते." मग हळूच म्हणाली, "आणि राणीचं चित्र फुलपाखरंवाली काढणार आहे. तिनं स्वतः विचारलं."

त्याच आठवड्यात पाण्याची नोटीस आली. मी खाली जाऊन खडूनं तीन ओळी लिहिल्या, शुक्रवारसकट. हात झटकते आहे तोवर ती शाळेतून आली. फळी वाचली. मग दप्तर पाठीवर तसंच ठेवून दोन पावलं सरकली आणि भिंतीवरची मूळ नोटीस वाचायला लागली, बोट फिरवत, पहिल्या ओळीपासून 'सहकार्य करावे' पर्यंत. आजोबा जिन्यात उभे राहून बघत होते आणि दात नसलेल्या तोंडानं हसत होते.

मी फळीपाशीच थांबले. खडू हातात होताच.

"बरोबर आहे, आजी," ती म्हणाली. "पण शुक्रवारी किती वाजता ते लिहिलं नाहीस."

मी चष्मा काढून पुसला, नोटिशीपाशी गेले आणि वाचलं. वेळ दिली होती. मी तिसरी ओळ पुसली आणि खडू तिच्या हातात दिला. माझ्यापेक्षा तिचं अक्षर बारीक आहे, जास्त मावतं.