विहिरीच्या पायरीवरची पांढरी जागा

भुताखेतांच्या बातम्या माझ्या टेबलावर आल्या की मी त्या केराच्या टोपलीत टाकत असे. वार्ताहर होतो. ठिकाण आणि साक्षीदार असल्याशिवाय ओळ लिहायची नाही, ही सवय. हा अनुभवही तसाच लिहितो.

सत्तरच्या दशकाची अखेर, मार्च महिना. मुक्काम गडहिंग्लज. आमच्या दैनिकाच्या रविवार पुरवणीला ‘सांजवेळ’ या विषयावर एक छायाचित्र हवं होतं. आम्ही नेसरीजवळ सासुरवाडीला गेलो होतो आणि परतीची एसटी तीनची होती. म्हणून दुपारी साडेबारालाच शेतातल्या जुन्या विहिरीच्या पायरीवर माझी पत्नी शालन हिला पाठमोरी बसवलं. दुपारची संध्याकाळ छपाईत करता येते...

शालनला सहावा महिना होता. आधीची दोन मुलं पोटातच गेली होती.

“जावईबापू, भर दुपारचं पोटुशीला हिरीवर न्हेऊ नगा की,” सासूबाई म्हणाल्या. मी हसून निघालो.

वीसेक पावलांवरून तीन फोटो घेतले. चौकटीत शालनशिवाय कोणी नव्हतं. चौकट तपासणं हे माझं कामच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुबारकभाईंच्या स्टुडिओत, लाल दिव्याखाली, छपाईला बसलो. “वार्ताहर, तुमचा पेपर सूर्याला बी लवकर घरी धाडतोय व्हय!” ते म्हणाले.

कागदावर प्रकाश जितका जास्त वेळ पडेल, तितकी छपाई काळी होते. भोक पाडलेला पुठ्ठा मध्ये धरून त्यांनी आधी आभाळ काळवंडलं, मग पायऱ्या. संध्याकाळ छान उतरली. शालनच्या उजवीकडे मात्र एक पांढरा डाग राहिला.

“कागद खराब हाय,” म्हणत त्यांनी नवं पाकीट फोडलं आणि दुप्पट वेळ प्रकाश दिला. बाकी सगळं डांबरासारखं काळं झालं. डाग पांढराच. आता त्याला आकार होता — पदर घेतलेली, पाय खाली सोडून बसलेली बाई. तिचा एक हात शालनच्या कुशीकडे गेलेला.

मुबारकभाईंनी यंत्रातून निगेटिव्ह काढून माझ्या हातात दिली, कोरा कागद घेतला आणि खोलीतला पांढरा दिवा लावला. असा कागद औषधात टाकला की सगळाच काळा होतो. तोही झाला... तेवढी जागा सोडून. निगेटिव्ह माझ्या हातात होती आणि बाई कागदावर.

“घरला जावा,” ते म्हणाले. “आधी वहिनीस्नी बघा.”

सायकलवरून घरी पोचलो. शालन तांदूळ निवडत होती. मी काही विचारण्याआधी तिनंच विचारलं, “अहो, त्या मावशी आल्या का फोटोत?”

“कोण मावशी?”

“माझ्याजवळ बसल्या हुत्या की! कितवा म्हयना, इचारत हुत्या.”

“मग?”

“म्हणल्या, बाळ बघायला येऊ का? मी म्हणलं, या की! न्हाय कसं म्हणायचं?”

त्या दिवसापासून मला धड झोप नव्हती. मुबारकभाईंनी निगेटिव्ह जाळली. बाळंतपण माहेरी करायची रीत, पण मी शालनला कोल्हापुरात बहिणीकडे ठेवलं. सासूबाई रुसल्या. मुलगी झाली, सुखरूप. बाराव्या दिवशी बारसं. मी सकाळपासून दारातच उभा होतो. आत गेलेली प्रत्येक बाई ओळखीची होती.

पाहुण्या गेल्यावर शालन म्हणाली, “मावशी आल्या हुत्या.”

मी पाळण्याकडे धावलो. बाळ झोपलं होतं.

“कोणी गोविंद घ्या, कोणी गोपाळ घ्या म्हणताना पाळण्याच्या पलीकडून बाळ त्यांनीच घेतलं.”

बहिणीला विचारलं. पाळण्याखालून बाळ तिनंच पुढं केलं होतं. पलीकडून थंड, ओल्या हातांनी कोणीतरी घेतलं आणि वरून परत दिलं. कोणी, ते तिला आजही आठवत नाही.

मुलगी आता तिच्या संसारात आहे, धडधाकट आहे. मला याचा उलगडा झालेला नाही. त्या बाईनं बाळ परत दिलं, एवढं मी खात्रीनं लिहू शकतो. का दिलं, ते ठाऊक नाही... आणि मुलीला आता कितवा महिना आहे, हे मी घरात कोणालाही मोठ्यानं बोलू देत नाही.