रेमेईबाईंचं फटकळ तोंड

बार्सिलोनाच्या जुन्या भागातल्या एका चिंचोळ्या गल्लीत चॉकलेटचं दुकान आहे. तिथे रेमेईबाईंनी अडतीस वर्षं गिऱ्हाइकांना वाढलं आणि तितकीच वर्षं त्यांना सुधारलं. चॉकलेट म्हणजे गरम, दाट, चमच्यावरून उतरायला कुरकुरणारं. त्यात मेलिंद्रो ही लांबट, मऊ बिस्किटं बुडवून खायची. कुणी पातळ चॉकलेट मागितलं की बाई विचारत, "ताप आलाय का? मग घरी झोपा ना!" कुणी फोटो काढत बसलं की, "फोटो टिकेल हो, चॉकलेट गार होतंय." रविवारची प्रार्थना आटोपून येणारी जुनी मंडळी आधी बोलणी खात, मग बिस्किटं.

मग कुण्या परदेशी लेखिकेने लिहिलं, की या शहरात चॉकलेट कुठेही प्या, अपमान मात्र इथलाच खा.

झालं! गल्लीच्या तोंडापर्यंत रांग लागली. लोक मुद्दाम स्ट्रॉ मागू लागले, बर्फ मागू लागले. बाई कडाडल्या की टाळ्या पडत. एक नवरा तर म्हणाला, "हिलाही दोन शब्द सुनावा ना, आज वाढदिवस आहे तिचा."

बाईंना ते फार लागलं. मालक फेरिओलला त्या म्हणाल्या, "मी बोलते ते माणूस सुधारावा म्हणून. हे मेले दात काढतात!"

"काढू देत की! तुम्ही फक्त जरा दाराशी उभ्या राहून बोलत जा. रांगेतल्यांनाही ऐकू जाईल."

दुसऱ्या दिवसापासून बाई साखरेसारख्या गोड झाल्या. स्ट्रॉ मागितली, दिली. बर्फ मागितला, तर "आणखी देऊ?" लोक हिरमुसले. एकाने तक्रारवहीत लिहिलं, 'वागणूक अत्यंत सौजन्याची. घोर निराशा झाली.'

"बाई, निदान शनिवार-रविवारी तरी!" फेरिओल काकुळतीला आला. बाई ढिम्म. शेवटी त्याने नाटकात काम करणारी केराल्त नावाची मुलगी ठेवली. ती हातवारे करून असं काही झापायची की गिऱ्हाईक कृतार्थ होऊन जाई. तिचं भाषण संपेपर्यंत कप मात्र ओट्यावर निवत.

एका रविवारी ब्याऐंशी वर्षांच्या असुम्प्ता आजींपुढे कप आला, तो वर साय धरलेला. रेमेईबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"फेरिओल, लाज वाटते का रे? तुझ्या बापाने जन्मभर पातेल्यापुढून पाय हलवला नाही, आणि तू या म्हातारीला गारढोण चॉकलेट पाजतोस?"

अख्खं दुकान उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. फेरिओलही डोळे पुसत टाळ्या पिटत होता. "अस्सं, बाई! हेच तर हवं होतं!"

आजी तेवढ्या बसून होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "रेमेई, गरम करून देतेस का गं?"

बाईंनी कप उचलला, आत जाऊन स्वतः ढवळून आणला. आजींचं खाणं होईपर्यंत शेजारी उभ्या राहिल्या. मग एप्रन सोडून फेरिओलच्या खांद्यावर टाकला आणि चालत्या झाल्या. लोकांना वाटलं, खेळ संपला. त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

रांग अजूनही आहे, आता ती केराल्तसाठी लागते. रविवारी मात्र चार म्हातारी माणसं रेमेईबाईंच्या घरी तिसरा मजला चढतात. लिफ्ट नाही. धापा टाकत दाराशी पोचली की आतून आवाज येतो, "ही काय यायची वेळ झाली? पाय पुसा आधी! आणि गेल्या खेपेला बोटाने कप कुणी चाटला?"

"मी," असुम्प्ता आजी कठड्याला धरून म्हणतात. "आजही चाटणार आहे."