व्हईल सवय

दुपारचं जेवण झालं की पारिसा चौगुले डाव्या कुशीवर पडतो. कान उशीत दाबला म्हणजे त्यातली शिट्टी निम्मी होईल, अशी त्याची दोन वर्षांची भाबडी समजूत. होत मात्र नाही. कुकरची शिट्टी निदान गॅस बंद केल्यावर थांबते. ही बया त्याच्या डोक्यातच ठाण मांडून आहे. तीस वर्षं इचलकरंजीत यंत्रमागांवर काढली, मग माग सुटले, खडखडाट गेला आणि ही तेवढी मागे राहिली. डॉक्टर म्हणाले, सवय होईल. बायको राजमतीही रोज तेच म्हणते आणि तो रोज मान डोलावतो. सवय नाही झाली तर आपल्याला वेड लागेल, ही भीती तिला सांगायचं त्याला धाडस होत नाही.

डोळे जड होतात. उशी कडक होत जाते, तिचं बाकडं होतं, आणि पारिसा कानाच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलेला असतो. शेजारी दस्तगीर मेस्त्री. माग दुरुस्त करणारा, डावखुरा, आठ वर्षांपूर्वी वारलेला. कानांत सुताचे बोळे तसेच आहेत.

पारिसाला नवल वाटत नाही. "मेस्त्री, तुमचाबी नंबर हाय?"

मेस्त्री नुसते ओठ हलवतो. मागाच्या शेडमध्ये आवाज कुणी काढतच नाही. त्या गोंगाटात सगळे ओठ वाचतात. आणि ही शेडच आहे. बाकडं गेलं, दवाखाना गेला, दारही कुठे दिसत नाही. मेस्त्री एकेक माग बंद करत जातो. शेवटचा थांबतो. शिट्टी चालूच.

"भाईर कुठनं जायाचं?"

मेस्त्री खांदे उडवतो. पारिसाला संताप येतो. शेडमधल्या पहिल्या दिवशी, कान फुटायची वेळ आली होती तेव्हा, याच माणसाच्या ओठांवर त्याने दोन शब्द वाचले होते आणि त्यांच्याच भरवशावर जन्म काढला होता.

"तुमीच म्हणला हुता," तो म्हणतो, "व्हईल सवय."

मेस्त्री कानांतले बोळे काढतो आणि पहिल्यांदाच आवाजात बोलतो.

"म्हटलं न्हवतं रं. इचारलं हुतं. व्हईल सवय? माझ्या कानात तवाबी शिट्टी हुती. तू मान डोलावलीस. म्हटलं, हा म्हणतोय तर व्हईल."

ओठांवर प्रश्न दिसत नाही, हे पारिसाला आज कळतं.

"मग झाली?"

"न्हाई."

"कुणाला सांगिटलं न्हाईसा?"

"तूच मान डोलावलीस. कुणाला सांगू?" मेस्त्री मागावरचा तुटका धागा उचलतो आणि डाव्या हाताने गाठ मारतो.

"चहा," राजमती म्हणते. ती खाटेशी उभी आहे, उन्हं खिडकीवर आली आहेत. शिट्टी आहे तिथेच आहे. "बरं वाटतंय न्हवं? व्हईल सवय."

पारिसाची मान डोलायला निघते आणि मध्येच थांबते. त्याच्या मुठीत टॉवेल आहे. टॉवेलच्या दोन दशा एकमेकींना बांधलेल्या, गाठ उलटी, डावखुऱ्याची. पारिसा तर उजव्या हाताचा.

"न्हाई हुईत," तो म्हणतो. "मला लई भ्या वाटतं, राजमती."

राजमती कपबशी खाली ठेवून शेजारी बसते. टॉवेलची गाठ नखाने सोडवत राहते. ती सुटत नाही.