भाऊकाका आणि संजूचे शब्द

"आधी थुंकून ये, मग बोल!" पंडरी बाजारातल्या आपल्या कापडाच्या दुकानात भाऊकाका गिऱ्हाइकाचं असंच स्वागत करायचे. कुणी गालात गुटखा कोंबून, मान वर करून काहीबाही मागू लागलं की माझ्या या काकांना किळस यायची. "मले शब्द नाही, नुसती लाळ ऐकू येऊन राहिली," ते तोंडावर सांगत. एकदा असंच भरल्या तोंडाने मागितलेलं 'अस्तर' त्यांना 'सत्तर' ऐकू आलं आणि सत्तर मीटर पॉपलीन फाडलं गेलं. जिन्याचे लाल कोपरे ते स्वतः फिनेलने धूत आणि धुताना ओकाऱ्या काढत.

त्यांचाच मुलगा संजू चोरून गुटखा खात होता. तोंड उघडेनासं झालं तेव्हा कळलं. कॅन्सरच्या ऑपरेशनात अर्धा जबडा आणि जिभेचा तुकडा गेला. बोलायला लागला, तर त, ल, र सगळे एकाच ओल्या घरघरीत बुडालेले. हनुवटीवरून लाळ, तोंडाला दर्प. भेटायला येणारे दूर सरकून बसत आणि काही न कळता "हव, हव" करत. काका भडकत, "नाही समजलं तर तसं म्हणा ना! काहून मुंडी हलवून राहिले?"

काकू आधीच गेल्या होत्या. काका दुपारी दुकान बंद करून घरी येऊ लागले. एकाच पेपरच्या दोन प्रती आणत. संजू मोठ्याने वाचे आणि काका समोर बसून त्याच ओळीवर बोट ठेवून ऐकत. कागदावर लाळेचा थेंब पडला की त्यांचं तोंड वाकडं होई. मी एकदा तिथेच होते. मला म्हणाले, "घाण वाटते मले. खोटं काहून बोलू? पण पोट्टा बोलून राहिला ना!" आणि स्वतःच्या रुमालाने त्याची हनुवटी पुसली.

हळूहळू त्यांना पेपर न बघताही समजू लागलं. संजूचं म्हणणं मग काकाच सगळ्यांना सांगत. फोनही तेच करत. संजू फोन हातात घेतच नसे, पलीकडचे हसतील म्हणून.

या थंडीत एका सकाळी काकांच्या नंबरवरून फोन आला. पलीकडे संजू होता. तो काहीतरी म्हणाला, थांबला, पुन्हा तेच म्हणाला. मला एकही शब्द कळला नाही.

काका कुठे आहेत, हे मी विचारलं नाही.