साहेबांचा डावा बूट

यान साहेब गेल्याचा फोन आला तेव्हा मी क्लबमध्ये बूट पुसत होतो. सलमानियाच्या हॉस्पिटलातून आमचा ड्रायव्हर बोलला, ‘हार्ट अटॅक. खलास.’ त्याला आता महिना होत आला. खोटं कशाला बोलू, आधी मनात आलं, सुटलो... आणि मग रडू फुटलं.

साहेब एकेकाळचे बेल्जियमचे नावाजलेले फुटबॉल स्ट्रायकर, गोल मारणारे. नाक दोनदा मोडलेलं, पुढचे दात नकली. निवृत्त झाल्यावर इथे बहरीनला आमच्या क्लबचे मॅनेजर झाले. अंगावर सूट, सीफच्या श्रीमंत वस्तीत फ्लॅट, पण संताप मैदानावरचाच. टीम हरली की खुर्ची भिंतीवर फुटायची. मी गुहागरचा, खेळाडूंचे कपडे-बूट सांभाळणारा, त्यामुळे शिव्यांचा पहिला मानकरी मीच.

एका मोठ्या मॅचच्या आदल्या दिवशी आमच्या स्ट्रायकरने गळ घातली, ‘भाई, पाय घसरतो, स्टड जरा टोकदार करून दे.’ स्टड म्हणजे बुटाच्या तळाचे धातूचे खुंट. रेफ्री वरवर बघून सोडतो. मी गाढव, कानस घेतली आणि दिले घासून. साहेबांनी बूट उचलून तळावरून अंगठा फिरवला आणि दुसऱ्या क्षणी माझा गळा त्यांच्या पंजात. तोच बूट माझ्या दंडावर दाबून त्यांनी खाली ओढला. कातडी सोलली, रक्त कोपरापर्यंत आलं. ‘हे मी केलंय,’ ते ओरडत होते, ‘समोरच्याचं हाड बाहेर आलं होतं. तो परत कधी खेळला नाही, आणि मी त्याच मॅचमध्ये गोल केला.’

असल्या माणसाची चाकरी नको, व्हिसा कॅन्सल करून गाव गाठायचं, असं ठरवून सकाळी राजीनामा घेऊन गेलो. तर साहेब माझ्याच स्टुलावर बसून सगळ्या टीमचे स्टड गुळगुळीत करत होते. बोटं सोललेली. माफी वगैरे काही मागितली नाही. ‘यल्ला, चल, बस,’ एवढंच म्हणाले. मी बसलो... का बसलो, आजही सांगता येत नाही. राग तर अजून गेलेला नाही. पण त्यानंतर प्रत्येक मॅचआधी आम्ही दोघं एकेका स्टडवरून अंगठा फिरवायचो.

परवा साहेबांच्या बायकोने, मॅडमनी, साहेबांच्या ऑफिसच्या कपाटातला जुना डावा बूट माझ्या हातात ठेवला. इतकी वर्षं मला वाटायचं, मिरवायला ठेवलाय. उलटा केला, तर सहाही स्टड टोकदार, त्या मॅचला होते तसेच. साहेबांसाठी एवढं तरी करावं म्हणून कानस काढली. मग दंडावरचा व्रण दिसला. तो पाय मोडलेला माणूस अजून कुठेतरी लंगडत असेल... ते स्टड घासायचा हक्क त्याचा, माझा नाही.

कानस परत खणात टाकली. आता मॅचआधी सगळ्या बुटांवरून अंगठा फिरवतो, आणि शेवटी त्या एकावरून. टोचतो.