हौसेचं बिऱ्हाड

चालत्या गाडीत भांडी वाजत नव्हती, तेच मला आधी खुपलं. नव्या रेग्झिनचा वास, काचेतून मांडीवर आलेलं कोवळं ऊन, पायाखाली गुळगुळीत फळी. आणि मागे ताटं, वाट्या, पातेली सगळी खणांत बंद. खड्डा आला तरी हूं की चूं नाही. घर घेऊन निघालेली गाडी इतकी मुकी कशी असेल?

माझी लेक सुनंदा सोनईला शाळेत शिकवते. दिवाळीच्या सुट्टीत तिनं आणि जावयांनी ही गाडी तीन दिवसांसाठी आणली. आत झोपायला दोन पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, चूळ भरायला लहानसं बेसिन. अशा गाडीला कॅम्पर म्हणतात.

"आये, घर संगं घेऊन डोंगर बघायचे," सुनंदा म्हणाली.

"आमच्यात त्याला बिऱ्हाड म्हंत्यात," मी म्हटलं. "त्यात काय बघायचं?"

जावई गाडी चालवता चालवता खो खो हसले. मी विनोद केला नव्हता.

आमचं गाव पाथर्डीकडच्या कोरड्या डोंगरात. दसरा झाला की नवरा आणि मी ऊसतोडीला निघायचो, ते गुढीपाडव्याच्या सुमाराला परत. तीसएक वर्षं असंच गेलं. ट्रकवर पाण्याचं पिंप, पिठाचा डबा, गोधड्या, कोयते, पाटीखाली दोन कोंबड्या, आणि त्या सगळ्याच्या वर आम्ही. गावापासून उसाच्या फडापर्यंत भांडी एकसारखी वाजायची. त्या वाटेवर डोंगर नव्हते का? होते. पाऊस सरल्यावरची हिरवळ नव्हती का? तीही असणार. पण पोट पुढे आणि माणूस मागे असा प्रवास असला, की डोळ्यांना सृष्टी दिसते आणि मनापर्यंत पोचत नाही. सौंदर्य बघायलाही अंगात थोडं बळ शिल्लक लागतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ते मी स्वतःच शिकले.

कोल्हारला प्रवरा ओलांडली. दोन्ही अंगांना उभा ऊस, तुरे आलेला. मग संगमनेर, अकोले, राजूर. हळूहळू ऊस मागे पडला आणि डोंगर अंगावर यायला लागले. भंडारदऱ्याला अथांग पाणी निवांत पसरलेलं, त्यात काळ्या कातळांच्या सावल्या. जावई म्हणाले, "मामी, ही आपली प्रवराच. इथं अडवलीय." मी बघतच राहिले. ज्या पाण्यावर तो ऊस वाढला, ज्या उसानं माझी कंबर मोडली, ते पाणी वर इथं इतकं शांत झोपलेलं असतं? नदीचा काय दोष म्हणा. तिला कुठं ठाऊक, खाली तिचं काय होतं ते.

अभयारण्याच्या वाटेवर एका सपाटीला गाडी थांबवली. मी उतरले, पदर खोचला, आणि लेक बाहेर येईपर्यंत तीन दगड गोळा करून मांडलेसुद्धा. मुक्कामाला उतरलं की आधी चूल मांडायची, मग पाण्याचा घोट घ्यायचा, ही आमची रीत. आत शेगडी आहे हे माझ्या हातांना माहीतच नव्हतं.

सुनंदानं टाळी वाजवली, मोबाईल काढून फोटो घेतला. "बघा, आयेला सहलीची सवय हाय!" ती नवऱ्याला म्हणाली. आणि मग हसता हसता तिनं मोबाईल खाली केला. दगडांजवळ उकिडवी बसली.

"चौथीत असताना निबंध आला हुता, माझी सहल," ती म्हणाली. "मी लिहिलं, माझे आई-वडील दर वर्षी सहा महिने सहलीला जातात. भांडी, कोंबड्या, माझा भाऊ, सगळ्यांना नेतात. मला नेत नाहीत. गुरुजींनी वर्गात वाचून दाखवला. कुनी हसलं न्हाई."

तिला आम्ही गावी माझ्या सासूजवळ ठेवायचो. ट्रक हलला की ती वेशीपर्यंत पळत यायची. मी मागे बघत नसे. बघून काय उपयोग?

"भावाला, निवृत्तीला नेलंस. मला का न्हाई?"

"एवढी शिकलीस, अजून कळंना व्हय?"

"आता कळतं गं. पन तवा न्हाई कळलं, त्याचं काय करू?"

जावई पाणी आणायच्या निमित्तानं उठून गेले. शहाणा माणूस आहे.

पुढचे दोन दिवस आम्ही रतनवाडी बघितली, घाटघरला कोकणात कोसळणारा कडा बघितला. खाचरांत बायका भात कापत होत्या. कंबरेत वाकलेली बाई दिसली की माझ्यापुरता तिथला देखावा संपतो. एरवी निसर्गात काही उणं नव्हतं. उणं होतं ते आम्हा दोघींत. लेक मला चहा द्यायची, उशी द्यायची, प्रश्न परत विचारत नव्हती. न विचारलेला प्रश्न घेऊन डोंगर चढणं फार दमवणारं असतं.

परतताना मी जावयांना म्हटलं, "जावईबापू, कोल्हारला फडावर थांबा. निवृत्तीची टोळी तिथं उतरलीय."

निवृत्ती नुकताच ट्रक भरून आला होता. त्यानं कॅम्परला एक चक्कर मारली, पत्र्यावर टकटक केलं. "दाजी, लई भारी कोपी हाय की! आमच्या टोळीला धाडा दहा-बारा." सगळे हसले.

सुनंदा सोनईला येता-जाता ऊसतोड्यांच्या अशा कोप्या, पाचटाच्या झोपड्या, रोज बघते, आत कधी गेली नव्हती. त्या दिवशी ती वाकून भावाच्या कोपीत शिरली. मी मागोमाग. पाचटाच्या भिंती, दोन अंथरुणं, चूल, पिठाचा डबा. ती उभी राहायला गेली तर डोकं छपराला लागलं.

"आये, हितं माझी जागा कुठं झाली असती?"

"केली असती तर झाली असती," मी म्हटलं. "आमी केली न्हाई. तुला शाळा हुती."

तिनं केसांतलं पाचट काढलं. बराच वेळ काढत होती. मग माझा हात धरून मला बाहेर आणलं आणि चहा ठेवायला गाडीत गेली.

तिचं उत्तर तिला मिळालं. पण शाळा निवृत्तीलाही होती. पाच-सहा वर्षांचा झाला तेव्हा तो कळशीनं पाणी आणू लागला होता, मोळ्या बांधू लागायचा. हाताशी आला, म्हणून ठेवून घेतला. याहून मोठं कारण माझ्याजवळ नाही. जिला मागे ठेवलं तिनं जाब विचारला, आणि बरं केलं. ज्याला सोबत नेलं, त्यानं चाळीस वर्षांत तोंड उघडलेलं नाही.

तो गाडीच्या पायरीवर बसला होता. मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. आज विचारलं तर खरं ते सांगायचं, असं ठरवून बसले. तो हातावरचे उसाचे ओरखडे बघत होता. मग माझ्याकडं वळला.

"डोंगर चांगलं हुतं का, आये?" त्यानं विचारलं.