आमच्या गावात घरं किती?

मी गाव सोडलं त्या सकाळी माझी पत्र्याची ट्रंक गंगारामने डोक्यावरून फाट्यापर्यंत आणली. वडिलांच्या वयाचा माणूस, पण तेव्हा आम्ही सगळे त्याला एकेरीच बोलायचो. निघण्याआधी आईने त्याला अंगणात चहा दिला, वळचणीत खोचलेल्या कानतुटक्या कपात. त्याने तो स्वतः विसळून परत खोचला. "जा रे बाबू, मोठा हो," म्हणाला. पोलादपूरची एसटी आली आणि मी पुण्याला गेलो.

ही सकाळ मला अठ्ठावीस वर्षांत आठवली नव्हती. गेल्या वर्षी सोसायटीच्या हॉलमध्ये एक सिनेमा दाखवला. नळयोजनेच्या मोजणीसाठी शहरातली इंजिनिअर बाई एका खेड्यात येते. फिरताना तिच्या लक्षात येतं, सरपंचाने दिलेल्या नकाशात दलितवस्ती नाहीच. सिनेमा संपल्यावर सगळे हळहळले, "कसली ही माणसं!" मीही मान हलवली. शेजाऱ्यांनी सहज विचारलं, "तुमच्या गावात घरं किती?"

"एकेचाळीस," मी सांगितलं. आकड्यांत माझी चूक होत नाही.

घरी येऊन चपला काढताना चूक सापडली. गंगारामचं घर एकेचाळिसांत नव्हतं. ओढ्यापलीकडे बौद्धवाडीत घरं किती, हे मला ठाऊकच नव्हतं.

दिवाळीत गावी गेल्यावर आईला त्या वळचणीतल्या कपाचं विचारलं. "कप कधीच फेकला," ती म्हणाली. "पण गंगाराम येतच नाय आता."

मी ओढा ओलांडला. तो अंगणात वाल सोलत बसला होता. "तात्या, आमच्याकडे चहाला चला."

"तात्या कधीपासून झालो रे?"

मी सिनेमाचं खरं ते सांगितलं. तो खो खो हसला. "म्हंजे पिक्चरमधल्या बाईनं दाखवला, तवा तुला ओढा दिसला! मी येत नाय. तू बस. गो सुमन, दोन चहा टाक."

सून चहा घेऊन आली. दोन्ही कप सारखेच होते.

"इथं घरं किती, तात्या?"

"मोज की. हुशार तर तूच."

दोघांनी मिळून मोजली. चौदा. त्यातलं एक बंद, माणसं मुंबईला. "ते पण धर," तात्या म्हणाले. मग डोळे बारीक करून त्यांनी विचारलं, "हितं चहा प्यालास, हे आईला सांगशील?"

सांगितलं. आईने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग म्हणाली, "साखर बरोबर होती का?"

आता कुणी विचारलं तर मी पंचावन्न घरं सांगतो. त्यातल्या एका घरात तात्या अजून आलेले नाहीत, आणि ते माझं आहे, हेही सांगतो.